चिंचटेकचं हिरवं पाणी

हातोडी दगडावर आपटली आणि दगडाला काही झालं नाही. हातोडीचाच दांडा मोडला. लोखंडी डोकं सरपंचबाईंच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि खाणीत साठलेल्या पाण्यात डुबुक झालं. काठावर चिंचटेकची पन्नास-साठ माणसं उभी होती. कुणीतरी फिसकन हसलं.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मी प्राध्यापक होतो. मोडका दांडा उंच धरून मी म्हणालो, "पाहिलंत? याला म्हणतात कठीण काळा पाषाण. हातोडी मोडते, पण खडक फुटत नाही. यातून पाण्याचा एक थेंब खाली जाणार नाही."

"दगडातनं जात न्हाई, सर," मागून आवाज आला. "पर दगडा-दगडाच्या मधनं जातंय, त्येचं काय?"

बोलणारा रावबा खिलारे. साठीचा, काटक, पिळाचं मुंडासं बांधलेला. पंचक्रोशीतला पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचा. नारळ उभा राहिला की तिथं विहीर घ्यायची. अशा माणसांवर मी दर वर्षी विज्ञानदिनाला तासभर बोलत असे. टाळ्याही पडत.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. मी, श्रीनिवास उमराणीकर, तेव्हा कडेगिरीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होतो. विभागात आम्ही दोघंच, आणि त्यातला दुसरा प्रयोगशाळेचा शिपाई. त्यामुळे विभागप्रमुखपद मला निर्विवाद मिळालं होतं.

कडेगिरीचा सगळा कचरा नदीकाठी पडायचा आणि तिथंच पेटायचा. वारा फिरला की आख्खं शहर खोकायचं. त्या ढिगाला लागून चाळीसेक झोपड्यांची वस्ती होती. ती वारा फिरो न फिरो, खोकायचीच. तिथल्या बायका धुरात वाकून प्लास्टिक, पत्रा, काच वेचत. नगरपालिकेला यातून सुटायचं होतं, आणि त्यात काही चूक नव्हतं. चिंचटेकच्या माळावर एक बंद पडलेली दगडखाण होती. तिथं सुका कचरा निवडायची शेड घालायची, आणि उरलेला कचरा खाणीत थराथरानं भरून वर मातीचा थर द्यायचा, असा प्रकल्प ठरला. कागदावर तो फार देखणा होता. नकाशात तर फुलझाडंही काढली होती.

अडचण एकच. कचरा कुजला की त्यातून काळं पाणी झिरपतं. बॅटऱ्यांमधलं शिसं, रंग, औषधं, काय वाट्टेल ते त्यात असतं. ते चिंचटेकच्या विहिरींत उतरेल का, हा प्रश्न. नगरपालिकेला उत्तर 'नाही' असं हवं होतं, आणि ते द्यायला पदवीवाला माणूस हवा होता.

मुख्याधिकारी बोंद्रे यांनी मला पत्र पाठवलं. पाकिटावर टाइप केलं होतं, 'भूजलतज्ज्ञ'. ते पाकीट मी वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आत पत्र आहे, का नुसतंच पाकीट?"

मी खाणीला दोन चकरा मारल्या. एक फोटो काढून घेतला. त्यात खाण थोडी आणि मी जास्त होतो. घरी येऊन अहवाल लिहिला: सदर खडक अभेद्य असून भूजलास कोणताही धोका संभवत नाही. कॉलेजच्या टायपिस्टनं तो सुबक टाइप करून दिला. जनसुनावणीला अजून बारा दिवस होते. बोंद्रे म्हणाले, "सर, एकदा गावात जाऊन लोकांना समजावून या. तुमच्या शब्दाला वजन आहे." वजनदार माणूस म्हणून मी हातोडी घेऊन गेलो, आणि पुढं काय झालं ते सांगितलंच.

"तुम्हीच ना ते नारळवाले?" मी रावबांना विचारलं. या वेळी लोक त्यांच्याकडे बघून हसले. मला बरं वाटलं.

"व्हय. पर चाळीस वर्सं हिरीत उतरतोय बी. खाणीत पावसाचं पानी साठलं की तीन-चार दिसांत आमची खालची हीर चढती. दर साली चढती."

"योगायोग."

"चाळीस वर्सं?"

सरपंच अक्काताई मधे पडल्या. "सर, तुमी शिकलेलं. तुमचं खोटं कसं म्हनायचं? पर सगळं गाव त्या खालच्या हिरीचं पानी पितंय. आमची खातरी व्हाया पायजे."

इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण मोडका दांडा अजून हातात होता आणि पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती.

"खात्रीच हवी ना? मी खाणीतल्या पाण्यात रंग टाकून दाखवतो," मी म्हणालो. "निरुपद्रवी असतो. जगभर वापरतात. चमचाभर पावडरीत विहीरभर पाणी पोपटी होतं. तुमच्या एका जरी विहिरीत तो रंग दिसला, तर माझा अहवाल सगळ्यांसमोर फाडून टाकीन!"

टाळ्या पडल्या. रावबांनी टाळी वाजवली नाही. ते खाणीच्या पाण्याकडे बघत होते.

रंगाचा डबा पुण्याहून मागवला. सोमवारी सकाळी मी पांढरा कोट आणि रबरी हातमोजे घालून खाणीच्या काठावर उभा राहिलो. कोटाची काही गरज नव्हती. डबा उपडा केला तशी पाण्यात केशरी पावडर पसरली, आणि बघता बघता सगळं पाणी असं काही हिरवं झालं की बायकांनी पदर तोंडाला लावले. "पोपटावानी!" कुणीतरी म्हणालं. मी जादूगारासारखी मान लववली. रिकामा डबा काठावर भिरकावून दिला आणि स्कूटरवर बसलो. कचऱ्याच्या प्रकल्पासाठी नेमलेल्या तज्ज्ञानं त्या खाणीत टाकलेला तो पहिला कचरा.

गुरुवारी दुपारी रावबा कॉलेजात आले. शिपायानं त्यांना दारातच थांबवलं होतं. मी मोठ्या मनानं आत बोलावलं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तोंडाला चिंधीचा बोळा होता.

"खालच्या हिरीचं हाय. आज पाटचं शेंदलं."

मी बाटली उचलली. खिडकीशी नेली, उन्हात धरली, फिरवून पाहिली. किंचित हिरवट झाक होती.

"शेवाळ आहे हे," मी म्हणालो.

"त्या हिरीला शेवाळ धरत न्हाई, सर. रोज उपसा हाय."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून नसतं असं नाही, रावबा. शेवाळ सूक्ष्म असतं. बाटली ठेवून जा, मी तपासतो."

 ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि चपला शोधत बाहेर गेले. विहीर दुसऱ्या दिवशी पुन्हा नितळ झाल्याचं कळलं आणि मी अहवालाच्या तीन प्रती बांधायला टाकल्या.

आणि मग रविवार उजाडला.

आम्ही राहायचो त्या प्राध्यापक कॉलनीत बारा बंगल्या होत्या. कॉलनीची स्वतःची बोअर होती. बोअरचं पाणी फाटकाजवळच्या जमिनीतल्या टाकीत पडायचं आणि तिथून घरोघरी जायचं. मी दाढीला बसलो होतो. वसुधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जरा इकडे या." तिचा आवाज फार शांत होता. लग्नाला चौदा वर्षं झाली होती; त्या आवाजाचा अर्थ मला ठाऊक होता.

पातेल्यात तांदूळ धुवायला घेतले होते. पाणी पोपटी होतं.

मी न्हाणीघरातला नळ सोडला. पोपटी. अंगणातला सोडला. पोपटी. बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. रसायनशास्त्राचे देशमाने बादली घेऊन रस्त्यावर उभे होते आणि बोट बुडवून चाटून बघत होते. त्यांच्या विषयातली ती सगळ्यात जुनी पद्धत असावी. मराठीच्या बाईंनी इडल्यांचं पीठ कालवलं होतं, ते बघायला अर्धी कॉलनी जमली. प्राचार्य आंघोळ अर्धवट टाकून पंचावर आले. त्यांच्या पांढऱ्या बनियनवर पोपटी ओघळ उतरले होते.

"उमराणीकर," ते म्हणाले, "हे तुमच्या विषयाचं आहे का?"

होतंच. खाण कॉलनीपासून दोन किलोमीटरवर, टेकाडाच्या पलीकडे. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि सरकता सरकता मला त्या जमिनीत एक भेग दिसू लागली. खरंच सांगतो, दिसू लागली. खाणीच्या तळातून निघून, चिंचटेकच्या खालच्या विहिरीला घासून, टेकाडाखालून वळून आमच्या बोअरपर्यंत आलेली लांबच लांब भेग! त्याशिवाय रंग इथवर येणार कसा? मी नकाशा काढला, तांबडं पेन घेतलं आणि रेघ ओढली. दुपारपर्यंत तिची लांबी, रुंदी आणि तिरपेपणा ठरला. संध्याकाळी मी तिला माझ्या गुरुजींचं नावही देऊन टाकलं.

मंगळवारी चिंचटेकच्या शाळेच्या पटांगणात जनसुनावणी झाली. मांडवात जिल्ह्याचे अधिकारी, बोंद्रे, समोर सगळं गाव. बोंद्रेंनी माझं नाव पुकारलं. "आता आपले तज्ज्ञ सर अहवाल सादर करतील."

मी उठलो. अहवाल वर धरला आणि मधोमध फाडला. तीन प्रती होत्या, बांधलेल्या. तिसरी फाडताना हाताला फार जोर लागला.

"खडकाला भेग आहे," मी म्हणालो. "या खाणीत कचरा पडला तर त्याचं काळं पाणी चिंचटेकच्या विहिरीत उतरेल आणि तिथून कडेगिरीच्या नळापर्यंत जाईल. माझा अहवाल चुकीचा होता."

 अक्काताई उठून उभ्या राहिल्या, आणि मग सगळं गाव. बोंद्रे माझ्याकडे वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही आमच्या बाजूनं होता ना?"

"मी पाण्याच्या बाजूनं आहे," मी माइकमध्ये म्हणालो. हे वाक्य मी रविवारपासून पाठ करत होतो. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानं त्याचाच मथळा केला.

पुढं जे झालं ते सांगायला मला आवडायचं, त्यामुळे थोडक्यात सांगणं जड जातं. खाणीत कचरा भरायचं रद्द झालं. माझा सत्कार झाला; एक नव्हे, चार. शाली इतक्या झाल्या की वसुधानं त्यांची गोधडी शिवली. त्या भेगेवर मी शोधनिबंध लिहिला, तो भूजलावरच्या एका नियतकालिकात छापून आला. आयुष्यातला माझा एकमेव निबंध. सुका कचरा निवडायची शेड मात्र खाणीच्या काठावर उभी राहिली, कारण पुठ्ठ्यातून आणि बाटल्यांतून काही झिरपत नाही. नदीकाठच्या वस्तीतल्या वीसेक बायकांना तिथं हातमोजे घालून, सावलीत बसून काम मिळालं. ती एक गोष्ट निर्भेळ चांगली झाली.

पण कचऱ्याचा भराव दुसरीकडे, चिकणमातीच्या माळावर, प्लास्टिकचं अस्तर घालून व्हायला पुढची सहा वर्षं गेली. तोवर नदीकाठचा ढीग धुमसतच राहिला. मी रोज नाकाला रुमाल लावून तिथून जायचो. मूळ अहवाल धड लिहिला असता तर त्यातली निदान दोन-तीन वर्षं वाचली असती, हे कुठल्याच सत्कारात कुणी बोलून दाखवलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

आमची बोअर माझ्याच शिफारशीवरून सिमेंट ओतून बंद केली. शहराची नवी नळयोजना येईपर्यंत दोन वर्षं कॉलनी टँकरच्या पाण्यावर होती. बारा बंगल्यांतले विद्वान सकाळी सहाला कळशा घेऊन रांगेत उभे असत. टँकरजवळच्या चिखलात देशमान्यांच्या बायकोचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. ते नीट जुळलं नाही. तरीही मला कुणी बोल लावला नाही. "सरांमुळे वाचलो," असंच म्हणायचे.

अकरा वर्षं मी या कीर्तीवर जगलो. मग रस्त्याच्या कामासाठी सरकारी खात्यानं टेकाडाच्या कुशीत दोनशे फूट खोल भोकं पाडली. योगायोगानं त्यातली तीन बरोबर माझ्या तांबड्या रेघेवर होती. मी उत्साहानं बघायला गेलो. खडकाचे दंडगोल काढून ओळीनं मांडले होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड, कोरडा, काळाकुळकुळीत खडक. तडा सोडा, ओरखडासुद्धा नव्हता. तिथला पोरगेला अभियंता म्हणाला, "सर, इतका चांगला खडक क्वचित मिळतो."

मी स्कूटर तशीच चिंचटेककडे वळवली. का, ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा पाण्यातलं कळणारा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता म्हणून.

रावबा सत्तरी ओलांडून गेले होते. दारातल्या बाजेवर बसून सुतळी वळत होते. मला बघून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मी त्यांना भोकांचं सांगितलं. भेग नाही. मग रंग कॉलनीत आला कसा?

रावबांनी सुतळीचा पीळ संपवला, गाठ मारली.

"म्या आनला," ते म्हणाले.

"काय?"

"तुमी डबा टाकून गेला हुता न्हवं काठावर? बुडाला पावडर चिकटल्याली हुती. चमचा-दीड चमचा असंल. आसलं डबं आमी टाकत न्हाई, म्हून उचलला हुता. शनवारी सांजच्याला तुमच्या कॉलनीत आलो. तुमची बोअर म्याच दाखवल्याली, वॉचमन वळखीचा. टाकीचं झाकन उचललं न् डबा खंगाळला."

तिथं पहिल्यांदा मला कळलं की विज्ञाननिष्ठ प्राध्यापकांच्या कॉलनीनं बोअर घेताना पाणाड्याला बोलावलं होतं. पण त्यावर थांबायला मला वेळ नव्हता. मी बाजेवरून उठलोच.

"अहो, रावबा! तुम्ही आम्हाला फसवलंत! दोन वर्षं टँकरचं पाणी प्यायलो आम्ही! मी त्यावर निबंध लिहिला. लोक तो वाचतात. आणि ती देशमान्यांची बायको, तिचं मनगट मोडलं त्या टँकरपायी!"

"मोडलं?" रावबांचा चेहरा पडला. "त्ये म्हाईत न्हवतं मला. त्ये वाईट झालं. लई वाईट झालं." त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, "बसा, सर. एक इचारू? म्या तुमच्याकडं बाटली आनली तवा तुमी काय म्हनाला?"

"शेवाळ."

"शेवाळ हुतं का त्ये?"

मी बाजेवर परत बसलो.

"तुमी बाटली बघत हुता. म्या बाटली बघत न्हवतो, म्या तुमचं तोंड बघत हुतो. तुमी उनात धरली न् तुमचा रंग उडाला. तवाच मला समजलं, ह्यास्नी समजलंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड होतं. "मंगळवारी म्या उठून सांगितलं असतं, पानी हिरवं झालं हुतं म्हून, तर कुनी ऐकलं असतं? नारळवाला म्हनून हसली असती मान्सं. बाटली तर तुमच्यापाशी. आमच्या हिरीला रंग आला तर शेवाळ. मग म्हटलं, सरांच्याच नळाला रंग येऊ दे. तितं शेवाळ म्हननार न्हाईत."

चहा आला. मी कप हातात धरून बसलो.

त्यांना सगळं माहीत नव्हतं. शेवाळ उन्हात चमकत नाही. ती बाटली खिडकीशी धरली तेव्हा आतलं पाणी काजव्यासारखं उजळलं होतं. विहिरीच्या पाण्यात त्या रंगाशिवाय दुसरं काही तसं उजळत नाही, हे मी वर्गात शिकवत असे. रावबा गेल्यावर मी दार लावून घेतलं होतं आणि बाटली बेसिनमध्ये ओतली होती. पांढऱ्या बेसिनवर हिरवा ओघळ राहिला, म्हणून नळ बराच वेळ सोडून ठेवला. शोधनिबंधात विहिरींच्या नोंदींचा तक्ता आहे. त्यात गुरुवारपुढं मी छापलं होतं: नमुना घेतला नाही.

म्हणजे जी भेग नव्हती तिची लांबी-रुंदी छापून आली, आणि जी वाट खरोखर होती, खाणीतून खालच्या विहिरीकडे जाणारी, तिचा माझ्या हातात आलेला पुरावा निबंधात कुठंच नव्हता.

"आता काय करनार?" रावबांनी विचारलं.

"खरं आहे ते लिहून पाठवतो. छापणाऱ्यांना. आणि कॉलनीतही सांगतो."

"लिवा. पर त्या बाईला आदी जाऊन भेटा. म्या बी येतो तुमच्यासंगं, माफी मागाया." मग जरा घुटमळून म्हणाले, "आन् कागदात माझं नाव घालू नका, सर."

"भीती वाटते?"

"भीती कसली? पानाड्यानं पानी दावायचं असतंय, रंगवायचं न्हाई. अजून धाकटं पोरगं ह्याच धंद्यात हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देशमान्यांकडे गेलो. त्यांच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रावबांना ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या गावाच्या पाण्यासाठी केलंत." मला काहीच म्हणाली नाही. चहा मात्र दोघांनाही दिला, डाव्या हातानं.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळी, चिंचटेकहून परत आल्यावर, मी वसुधाला सगळं सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. डब्याची हकीकत सांगताना मी जरा रंगवूनच सांगितली. ती हसेल अशी अपेक्षा होती, आणि ती हसलीही. मग मी बेसिनचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे गुरुवारीच तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"त्यात काही शंका नव्हती?"

"नव्हती."

"आणि रविवारी आपल्या नळाला रंग आला नसता तर?"

मी म्हणालो, त्या वयात माणूस जरा हट्टी असतो. बोंद्रेंनी सुनावणीची पत्रिका छापली होती, तीत माझं नाव होतं. पुढंमागं मी बहुतेक पुन्हा एकदा नमुना घेतलाच असता.  तीन प्रती बांधून तयार होत्या, हे तिला आठवत होतं. तिनंच त्यांना निळं वेष्टन घातलं होतं.

"सही केली असती?"

"केली असती," मी म्हणालो.

तिनं भाजीची परात बाजूला सारली. आतून माझं पेन आणि कोरे कागद आणून माझ्यापुढं ठेवले.

"मग पत्रात आधी ते लिहा," ती म्हणाली. "भेगेचं नंतर."